टॉर्च कोणाची होती

बावडा, ता. इंदापूर
८ डिसेंबर २०२४

प्रिय श्रीपाद,

नमस्कार. इकडं आम्ही सगळे खुशाल. परवा बारामतीला इंदिराकाकूंना भेटून आलो. गुडघे सोडले तर तुझी आई ठणठणीत आहे. तुझ्या सत्काराची पत्रिका त्यांनी सगळ्या शेजाऱ्यांना दाखवली; मला तर दोनदा. आमचा ऊस अजून उभाच आहे, तोडणीवाले पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत. डाळिंबं यंदा बरी आली. राजेश्वरीनं नमस्कार सांगितलाय.

कंपनीत शेवटची पंधरा वर्षं मी तुला चारचौघांत साहेब म्हणायचो. या पत्रात म्हणत नाही.

सत्कार समितीच्या बापूसाहेबांचा फोन आला होता. "सोपानराव, तुमी अठ्ठावीस वर्सं त्यांच्याबरोबर काढली. आपल्या भागातला माणूस एवढ्या मोठ्या विमान कंपनीचा प्रमुख कसा झाला, पाच मिनिटांत सांगा." मी हो म्हणालो आणि वही घेऊन बसलो.

सांगण्यासारखं पुष्कळ सुचलं. वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेला मुलगा विमानाचा इंजिनिअर होऊन मुंबईच्या हँगरमध्ये आला. माझाही तिथला पहिलाच आठवडा. "हितं ठिऊ का?" असं मी कुणाला तरी विचारलं, तर तू शिडीवरूनच वळलास. "इंदापूरचा का रं?" त्या दिवसापासून आपण डबा एकत्र खाल्ला. पुढं तू प्रमुख झालास, तेव्हा ऐन दिवाळीच्या गर्दीत एका पुर्ज्याची शंका आली म्हणून नऊ विमानं जमिनीवर ठेवलीस. मालक चिडले होते, पेपरात काय काय छापून आलं, पण तू हलला नाहीस. लॉकडाऊनमध्ये सगळी विमानं उभी होती, तेव्हा दर सोमवारी स्वतः हँगरमध्ये येऊन इंजिनांवरची आच्छादनं नीट आहेत का बघायचास. आमच्यातल्या एकालाही तू घरी बसवलं नाहीस.

हे सगळं लिहून झालं. मग एका ठिकाणी पेन थांबला. हातात पाना घेऊन काम करणारा इंजिनिअर कचेरीत गेलाच कसा? लोक ते विचारणारच.

१९९७ चा मार्च. दुपारी चारला सुटणाऱ्या विमानाचं इंजिन आपण तपासत होतो. काम संपल्यावर हत्यारं मोजून यादीवर खूण करायचं काम माझं, आणि शेवटची सही तुझी. तू सही केलीस. प्रवासी बसले. तरी तू परत येऊन पेटी उघडलीस आणि एकेक हत्यार मोजलंस. एक टॉर्च कमी होती.

तू धावत जाऊन विमान थांबवलंस. वरचे साहेब सगळ्यांदेखत ओरडले, "सही करून आता थांबवता? टॉर्च कुणाच्या खिशात असेल!" तू म्हणालास, "असेल. पण दिसेपर्यंत विमान जाणार नाही." प्रवासी उतरवले. इंजिनाचं झाकण उघडलं. दीड तास काहीच सापडेना, आणि तुझा चेहरा उतरत चालला. मग खालच्या नळ्यांमागं ती सापडली.

ती टॉर्च मी ठेवली होती, श्रीपाद. त्या नळ्या बघताना मीच ती तिथं टेकवली आणि विसरलो. पण विसरणं हा माझा गुन्हा नाही. यादीवर खूण करताना पेटीतली एक जागा रिकामी आहे, हे मला दिसलं होतं. वाटलं, पडली असेल इथंच, नंतर शोधू. आणि मी खूण केली.

चौकशीत तू सांगितलंस, "शेवटची सही माझी, जबाबदारी माझी." सहा महिने तुझा सहीचा अधिकार काढून घेतला आणि तुला नियोजनाच्या टेबलावर बसवलं. त्या दिवशी डबा खाताना तू मला विचारलंस, "सोपान, तुला मला काही सांगायचंय का?"

मी म्हणालो, "न्हाय."

"बरं," म्हणालास आणि तुझ्या डब्यातली भाजी मला वाढलीस.

त्याच आठवड्यात मला कायम करणार होते. राजेश्वरीला आमच्या रेश्माच्या वेळचे दिवस होते. ही कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत.

त्या टेबलावर बसून तू विमानं विनाकारण उभी का राहतात ते शोधून काढलंस, वेळापत्रकं बदललीस, आणि कंपनीनं तुला परत हँगरमध्ये सोडलंच नाही. तिथून तू चढत गेलास. राजेश्वरीला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता कशाला उकरून काढता? त्यांचं भलंच झालं की."

"ते त्यानं केलं," मी म्हणालो. "मी न्हाय केलं."

मेमध्ये माझ्या निरोपाला तू स्वतः खाली आलास. माझ्या खांद्यावर शाल घातलीस आणि सगळ्या पोरांना सांगितलंस, "या माणसाच्या नावावर अठ्ठावीस वर्षांत एक चूक नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला मान वर करवेना. तुला तेव्हाही माहीत होतं का, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

सोबत वेगळ्या कागदावर घडलेलं सगळं सहीनिशी लिहून दिलंय. ते तुझ्या जुन्या चौकशीच्या फायलीला लाव. आणि २२ तारखेला स्टेजवरून मी हेच सांगणार आहे. तू मोठा कसा झालास याचं दुसरं खरं उत्तर माझ्याकडं नाही. पण तुला आधी कळायला हवं, म्हणून हे पत्र. मला अडवू नकोस.

कार्यक्रम संपला की मी मंडपातच थांबेन. बोलावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं, तर काकूंना घरी सोडून मी बावड्याला निघेन.

खाली 'तुझा मित्र' लिहिणार होतो. तो शब्द आता तू लिहायचा.

सोपान