वॉर्ड नंबर चारची चौपाटी

३ जून १९६६
मुंबईहून आजच परतलो. नगरपालिका सदस्यांचा अभ्यास दौरा सफळ संपूर्ण. बाकीचे सदस्य बायकांसाठी लुगडी पाहत फिरले. समुद्राकाठची श्रीमंत वस्ती बारकाईनं पाह्यली ती मी एकट्यानंच. काय तो रस्ता! धुऊन पुसून ठेवल्यावाणी. काठानं बाकडे. संध्याकाळी शेठ लोक, त्याईच्या बायका, त्याईचे कुत्रे, सगळे निवांत फिरून राह्यले. कुठं जायचं नाही, काही आणायचं नाही, नुसते फिरून राह्यले. यालेच सिव्हिक सेन्स म्हणतात.
माझा वॉर्ड नंबर चार काय कमी आहे? जिनिंगवाले आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहे, दोघांकडे तं मोटारी आहेत. फक्त समुद्र नाही. पण नाला आहे.
संकल्प : दिवाळीनंतरच्या निवडणुकीआधी वॉर्डात चौपाटी. मग अध्यक्षाची खुर्ची कुठं जाते पाहतो.
विमलनं विचारलं, मुंबईहून घरासाठी काय आणलं. म्हटलं, व्हिजन आणलं. तिनं पिशवी उलटी करून पाह्यली. माझा नवा कोट आणि हॅट निघाली. बायकोले राजकारण समजत नाही.

६ जून
आमच्या ओट्यावर वॉर्डाची सभा. चौपाटीची कल्पना मांडली. समोरच्या मथुराबाई म्हणे, बापू, चौपाटी राहू दे, नळाले पानी कवा येते ते सांग. नळ दिवसाआड येतो हे खरं. धार करंगळीएवढी असते हेही खरं. पण म्हटलं, मावशी, पाणी तं जनावरंही पितात, माणसानं पुढचा विचार करावा. टाळ्या पडल्या नाहीत. लोक विचारात पडले असावेत.

१५ जून, रात्री जेवणानंतर
विजय! वॉर्ड चारच्या नळासाठी आलेले पाइप गोदामात पडून आहेत. ते चौपाटीवरच्या कारंज्याले वापरावे असा मी नगरपालिकेच्या सभेत ठराव मांडला. विठ्ठलराव उठले. हा माझा पक्का विरोधक, त्याचाही त्याच खुर्चीवर डोळा. म्हटलं, झालं, आता मोडता घालतो. पण त्यानं चक्क अनुमोदन दिलं! वरून सगळ्याईसाठी भजे मागवले. मले बाजूले घेऊन म्हणे, देवराव, तुम्ही हे कराच. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी आजवर ओळखलाच नव्हता.
चीफ ऑफिसर म्हणे, कारंजा लावला तं वॉर्डाच्या नळाले जोर राहणार नाही. सरकारी माणूस. त्याले सौंदर्याचं काय?

२ जुलै
नाल्याकाठी सागवानी बाकडे बसले. हिरवा रंग. ‘मरीन ड्राइव्ह’ असा बोर्ड लावणार होतो, पण पेंटर म्हणे एवढा बोर्ड मावत नाही. नुसतं ‘ड्राइव्ह’ लिहिलं.
दुपारी जाऊन पाह्यलं. एका बाकड्यावर कोणाचं लुगडं वाळत होतं, दुसऱ्यावर बोकड झोपला होता. बोकडाले उठवलं. त्यानं माझ्याकडे असं पाह्यलं जसं काही बाकडं त्याच्या बापाचं. लोकाईले सवय लागेल. मुंबई काही एका दिवसात नाही झाली.

५ जुलै
लोकाईले फिरणं शिकवलं पाहिजे, म्हणून संध्याकाळी कोट-हॅट घालून स्वतः फिरलो. नाल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. जिनिंगचे शेठ भेटले. म्हणे, देवराव, काय हरवलं? म्हटलं, काही नाही, फिरून राह्यलो. ते म्हणे, सांगा नं, किल्ली हरवली काय? पुढं डॉक्टर भेटले, त्याईनं पोट दुखते काय म्हणून विचारलं. शेवटी मथुराबाई कंदील घेऊन आल्या आणि माझ्यासोबत खाली वाकून शोधू लागल्या. बऱ्याच वेळानं म्हणे, बापू, हाय तरी काय ते?
उद्यापासून फिरणं सकाळी.

६ जुलै
सकाळी फिरणं रद्द. सकाळी त्या नाल्याकाठी लोक डबे घेऊन कशासाठी बसतात ते विसरलोच होतो.

२१ जुलै
जोराचा पूर. नाला दुथडी भरून वाह्यला. हुबेहूब समुद्र! दोन बाकडे गेले, बोर्डही गेला, पण शोभा अशी की काय सांगू. विमलले पाहाले चल म्हटलं. ती म्हणे, तुमच्या समुद्रातलं पाणी दोन घागरी आणून द्या, घरात प्याले थेंब नाही.

२९ जुलै
नाल्याच्या खालच्या अंगाच्या गावाहून सरपंच आले, हातात पेढे. आमचं एक बाकडं त्याईच्या शिवारात लागलं. त्याईनं ते मारुतीच्या देवळासमोर ठेवलं, फार सोय झाली म्हणे. म्हणजे योजनेचा लाभ ग्रामीण भागालेही मिळून राह्यला. हे भाषणात घ्यावं.

११ ऑगस्ट
कारंजा सुरू!!! पाणी चांगलं पुरुषभर उडालं. शेठ हसले, वकील हसले, मले तं रडू आलं. विठ्ठलरावांनी मिठी मारली. म्हणे, आता तुमचं नाव गावाच्या तोंडी राहील.
वॉर्डातले नळ आजपासून कोरडे आहेत असं मारोती शिपाई सांगून गेला. तात्पुरतं असेल.

१४ ऑगस्ट
कारंज्याले एवढी लोकप्रियता मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. दिवस उगवत नाही तं बायाईची रांग. घागरी, बादल्या, पिंप, कोणाची कढई. रांगेत विमलही होती. मले पाहून पदर पुढं घेतला. म्हटलं, लाजते कायले? कला सगळ्याईची आहे. तिनं घागर माझ्या हातात दिली आणि घरी निघून गेली. घागर मी आणली. रस्त्यात शेठनं नमस्कार केला, तो घागरीले होता की मले, समजलं नाही.

१६ ऑगस्ट
लोक भरतात म्हणून कारंजा उडतच नाही. वीतभर येतो आणि घागरीत जातो. सौंदर्य मेलं सारं. मारोतीले पहाऱ्यावर बसवलं. कारंजा फक्त संध्याकाळी, फक्त पाहण्यासाठी. मथुराबाई मारोतीले काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझ्याबद्दलही होतं म्हणे.

१७ ऑगस्ट
विमलनं चहा बंद केला. जिनिंगच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून मी तुम्हाले चहा पाजू काय, म्हणे. तोटीले पाणी येईल त्या दिवशी चहा मिळेल. संकल्प : चहा सोडला. तसाही तो आरोग्याले वाईट.

१९ ऑगस्ट
डोकं भयंकर दुखून राह्यलं. चहाचा संबंध नाही.

२ सप्टेंबर
ठरलं. चौपाटीचं उद्घाटन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. डोकं लागते असं ठरवाले! त्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक. सारं गाव इडापिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडत नाल्यापलीकडे जाते. म्हणजे मुफत गर्दी, आणि रस्ता बरोबर माझ्या चौपाटीवरून. पताका बांधू, मी फीत कापीन, मारबत मागून जाईल.

५ सप्टेंबर
आज एक मोठी गोष्ट घडली. बांबूकाम करणारा उकंडा घरी आला. दरवर्षी मारबतीसोबत जाळायचा बांबूचा बडग्या तोच बनवतो, गावाले ज्याचा वीट आला त्याच्या रूपाचा. मागच्या वर्षी काळाबाजारवाला बनवला होता, नाल्यापलीकडे काय सुंदर जळाला! तं उकंडा म्हणे, साहेब, औंदा तुमचं माप पाहिजे. उंची आणि पोट. मी विचारलं, कायले? तो इकडेतिकडे पाहून म्हणे, वॉर्डातल्या लोकाईनं तुमचा पुतळा ठरवला, मिरवणुकीत सगळ्याईच्या पुढं. रागावू नका नं मग. म्हटलं, अरे वेड्या, कलावंतावर कोणी रागावते काय? पोटाचं माप जरा कमी धर.
म्हणजे औंदा बडग्याले सुट्टी, आणि त्याच्या जागी मी! गाव सुधारलं म्हणतात ते हेच.
विमलनं उकंडाले चहा दिला. मले पंधरा दिवसांच्या वर झाले, थेंब नाही. त्याले गूळ घालून, बशीत ओतून.

१० सप्टेंबर
उकंडा म्हणे, पुतळ्याले तुमचा कोट-हॅट मिळाली तं ओळख पटेल. मी जरा कचरलो, मुंबईचा माल. पण विमल स्वतः उठली, कोट झटकला, सैल झालेलं बटन शिवलं, इस्त्री केली आणि घडी करून त्याच्या हातात ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या कोणत्याच कामात तिले इतक्या हौसेनं उतरलेली पाह्यली नाही. मनातून अभिमान आहे तिले. बोलत नाही एवढंच.

१४ सप्टेंबर, पोळा
तोरणाखाली बैल उभे होते. झडत्या सुरू झाल्या. पोळ्याले गावातल्या नावाजलेल्या माणसाईवरच झडत्या म्हणतात, हे सगळ्याईले माहीत आहे. आणि औंदा पहिलीच माझ्यावर!
नाल्याकाठी बाकडं, बाकड्यावर बोकड,
कारंजा उडे आभायात, घरात पडली कोरड,
हर बोला हर हर महादेव!
लोक इतके हसले की बैल बुजले. आभाळात उडणारा कारंजा, ही ओळ तं मुंबईतही सुचली नसती. शेवटचा भाग गोंगाटात नीट ऐकू आला नाही. विठ्ठलरावांच्या डोळ्यात पाणी आलं होतं हसून हसून. मित्र असावा तं असा.
भाषण पाठ. कैची धार लावून आणली. उद्या.

१५ सप्टेंबर, सकाळी ७
दाढी केली, तांब्याभर पाण्यात. हार स्वतःच आणला, ऐन वेळी कोणी विसरलं तं काय घ्या. विमल माझ्याआधीच घरातून गेली. पुढची जागा धरायले गेली असेल.

त्याच दिवशी, दुपारी
काही लिहायचं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मांडवात फीत धरून उभा होतो. मिरवणूक वळणावर आली. सगळ्याईच्या पुढं मी. म्हणजे माझा कोट, माझी हॅट, बांबूचं पोट, पोट अजिबात कमी धरलं नव्हतं, आणि डोक्यावर पुठ्ठ्याचा कारंजा. मी हात हलवला. खरंच हलवला, हसतही होतो. मग आवाज नीट ऐकू येऊ लागला. इडापिडा घेऊन जा गे मारबत. खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत. देवरावाचा कारंजा घेऊन जा गे मारबत! सगळ्याईत उंच आवाज ओळखीचा वाटला. पाह्यलं तं विमल. कमरेले पदर खोचून, मथुराबाईच्या खांद्याले खांदा लावून. मले पाहूनही थांबली नाही. उलट माझ्याकडे पाहूनच ओरडली. गर्दी फीत तोडून निघून गेली, कैची माझ्या हातातच राह्यली.
नाल्यापलीकडे धूर दिसला. कोट फार लवकर पेटला. हॅट विमल काढून घेऊन आली आणि खुंटीले टांगली. म्हणे, ही चांगली आहे, उन्हात कामी येईल.
मी म्हटलं, विमल, तूही? ती म्हणे, मी तुम्हाले तीन महिन्यांपासून साध्या आवाजात सांगून राह्यले होते.

१७ सप्टेंबर
मिस्त्री बोलावला. कारंजा काढला, त्याच पाइपवर तोट्या बसवल्या. पाणी चांगलं जोरात आलं. चीफ ऑफिसरनं स्वतः तोटी फिरवून पाह्यली. नारळ फोडायले विठ्ठलराव हजर, हारही त्याईलेच. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. पुढचे अध्यक्ष कोण ते आता लहान पोरालेही समजते.
बादली घेऊन गेलो. सरळ पुढं जाणार तं मथुराबाई म्हणे, बापू, नंबर लाव. लावला. माझ्या मागं कोणी नव्हतं.
घरी विमलनं चहा ठेवला. गूळ घातला, बशीत ओतला. एवढा चांगला चहा मी जन्मात प्यालो नाही.
संध्याकाळी हॅट न घालता नाल्याकाठी फिरून आलो. शेठ भेटले, डॉक्टर भेटले. काय हरवलं म्हणून आज कोणी विचारलं नाही.