कॉटचं व्हार्निश, अन् परभणीचा फोन

८ फेब्रु., रवि.
बाळाची कॉट आली. सुतारानं गच्चीवर नेऊन ठेवली. कोरी सागवानी, चारी बाजूंनी गोल गज, एक बाजू खाली सरकते. म्हणाला, पॉलिशवाला पाठवतो. मी म्हटलं, नको, मीच करते. अवि माझ्या तोंडाकडं बघत राह्यला. लग्न झाल्यापासून या घरात मी एक खिळा ठोकलेला न्हाई.
दत्तकाची फाईल, घरभेट, मेडिकल, सगळं दुसऱ्यांनी तपासलं, दुसऱ्यांनी ठरवलं. एक काम तरी माझ्या हातचं.
अविच्या आई आमच्याजवळच राहतात. त्या वर आल्या, कॉटभोवती एक चक्कर मारली. "अजून लेकराचा पत्ता न्हाई," म्हणून खाली गेल्या. दत्तकाला त्या आजवर हो म्हणल्या न्हाईत, न्हाईबी म्हणल्या न्हाईत.

१० फेब्रु., मंगळ.
बँक सुटल्यावर मस्तगडला, रंगाच्या दुकानात. बाळ गजांना तोंड लावणार, म्हणून पाण्यातलं व्हार्निश. वासही कमी. डबा मी स्वतःच मांडणीवरून उचलला. ब्रश मागितला तर दुकानदारानं काळ्या केसांचा दोन इंची काढून दिला. "व्हार्निशला हाच चालतो मॅडम. बिलकुल बेफिकीर राहा."
राहिले.

१२ फेब्रु., गुरु.
सकाळी डोक्याकडच्या फळीला पहिला हात. सगळा घोटाळा. पाच मिनिटांत ब्रश मऊ पडला, केस फुगून झाडूसारखे फाकले, मग गळायला लागले. ओल्या व्हार्निशमध्ये चिकटलेले काळे केस. एकेक काढायला गेले तर बोटांचे ठसे. गच्चीवर बसून रडले. एवढ्याशा गोष्टीला रडायचं काय होतं? बँकेत उशीर झाला तो वेगळाच.

संध्याकाळी तो ब्रश घेऊन परत दुकानात. भांडायच्या तयारीनंच गेल्ते. दुकानदारानं विचारलं, "डबा कोणता नेल्ता?" दाखवल्यावर कपाळाला हात लावला. "हे तर पाण्यातलं. तुम्ही तिकडून डबा उचलला, मी इकडून सवयीनं ब्रश दिला. न तुम्ही विचारलं, न मी पाह्यलं."
काळे केस जनावराचे. तेलातल्या व्हार्निशला बराबर, पण पाणी पिऊन ढिले पडतात. पाण्यातल्याला नायलॉनचा. मग दोघांनी मिळून ब्रश निवडले. केस ओढून बघितले, तळहातावर दाबून बघितले. दाब काढल्यावर सरळ होतो तो घ्यायचा, वाकलेला राहतो तो सोडायचा. टोकं बारीक फाटलेली हवीत, म्हणजे ओरखडे उठत न्हाईत. फळ्यांना चपटा, गजांना छोटा गोल.

१४ फेब्रु., शनि.
दुसरा शनिवार, बँक बंद. फळी घासून परत कोरी केली. ऊन चढायच्या आत सुरू केलं. नवा ब्रश आधी पाण्यात हलवून, झटकून घेतला. ब्रश टोकाकडूनच बुडवायचा, डब्याच्या काठाला खरवडायचा न्हाई, बुडबुडे येतात. गजांवर वरून खाली एकच ओढ. फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात परभणीच्या दत्तक संस्थेचा फोन. मुलगी. आठ महिन्यांची. फोटो आला, मागोमाग मेडिकल. सगळं नॉर्मल, शेवटी एक ओळ: हृदयाचा आवाज वेगळा येतो, बारीक छिद्र असू शकतं, तपासणी आवश्यक. दोन दिवसांत कळवा.
अविनं दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागला तेव्हा मी मोबाईल काढून घेतला.
परत वर गेले तोवर अर्धी फळी वाळून मध्ये रेघ उमटलेली.

१५ फेब्रु., रवि.
शिवरात्र. साबुदाणा कुणालाच गेला न्हाई.
अवि: "आपल्याला झेपल का?"
मी: "तुला काय वाटतं?"
"भीती वाटून राह्यली."
मला राग यायला हवा होता, आला न्हाई. आमची दोन बाळं पोटातच गेली. दोन्ही वेळेला दवाखान्याच्या जिन्यात हाच माणूस बसून होता. मीही सांगितलं, मलाही वाटते.
ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, अशी छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, कधी ऑपरेशन लागतं, तपासल्याशिवाय सांगता येणार न्हाई. म्हणजे होतो तिथंच.

दुपारी आईंना फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितला. "टोपडं मोठं झालंय हिला." मग मेडिकलचं सांगितलं. ऐकून घेतलं, मोबाईल परत दिला.
चहा झाल्यावर अविला म्हणाल्या, "दवाखाना संभाजीनगरला हाय. बसा रोज जातात. मंग काय विचार करून राह्यले तुम्ही?"
उत्तराची वाट न बघता कप घेऊन आत गेल्या.

१६ फेब्रु., सोम.
हो कळवलं. मोबाईलवरचं बटण अविनं दाबलं. नंतर माझा हात धरला.
संध्याकाळी तो आपणहून गच्चीवर. परवाची रेघ बारीक कागदानं घासून दिली, ओल्या फडक्यानं पुसली. मी दुसरा हात दिला.

२२ फेब्रु., रवि.
परभणीला जाऊन आलो. बघितली.
काय लिहू. तिनं आमच्याकडं बघितलंच न्हाई, अविच्या घड्याळाकडं बघत होती. माझ्याकडं दिल्यावर रडली, सांभाळणाऱ्या बाईंकडं गेली की गप्प. परत घेतली, परत रडली. मला वाटलं होतं, बघताक्षणी काहीतरी होईल. झालं ते एवढंच, की तिचं डोकं किती गरम लागतं हे कळलं.
परतताना अवि म्हणाला, "तिचे पाय बघितले? एक मोजा सारखा काढत होती." हसला. पुष्कळ दिवसांनी.

१ मार्च, रवि.
कॉट खाली आणली. तीन हात पुरले. वास बिलकुल न्हाई, तरी खिडकीजवळ ठेवली.
आईंनी खाली बसून एकेक गज तळहातानं चाचपला. शेवटून दुसऱ्यापाशी थांबल्या. "इथं टोचतंय. लेकराच्या गालाला लागल."
खरंच, एक कण अडकला होता. घासलं, गोल ब्रशनं तेवढ्याच जागी पातळ हात दिला. आई शेजारी बसूनच होत्या. "खालूनबी दे. लेकरं खालून हात घालतात."

६ मार्च, शुक्र.
आणली. परभणी ते जालना रडतच. मंठ्याला गाडी थांबवून पाणी पाजलं, ते सगळं माझ्या साडीवर.
दारात आईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. "एवढ्या उन्हात आणली व्हय रं?" असं अविला रागावल्या अन् तिला माझ्याकडून काढूनच घेतली.
कॉटमध्ये पाच मिनिटंही राह्यली न्हाई. आईंच्या गोधडीवर झोपली.
कलेक्टर ऑफिसचा दत्तकाचा आदेश यायचाय. तोवर कागदावर ती आमच्याकडं सांभाळायला.

८ मार्च, रवि.
ताप न्हाई, पण दूध पिताना दमते. मध्येच थांबते, कपाळावर घाम. वाचलं होतं असं होतं म्हणून. बघणं वेगळं. अविनं संभाजीनगरची मंगळवारची वेळ घेतली. आई म्हणाल्या, मीबी येते. जीपमध्ये कंबर धरते त्यांची, म्हणून नको म्हटलं तर, "तुला काय माहीत, कशी झोपवायची हिला?" हे खरंच आहे.

१० मार्च, मंगळ.
दवाखान्यात बसून लिहिते. हृदयाची सोनोग्राफी करायची. अवि पैसे भरायला गेलाय. आधी झोपवायला सांगितलंय, झोप न्हाई. आई खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारून राह्यल्या.
आत्ता कुठं झोपली, तेवढ्यात नर्स आली. म्हणाली, आत एकालाच सोडतो, पेशंटची आई कोण?
मी पिशवीतली फाईल काढायला लागले. आदेश यायचाय, सांभाळायला आहे, असलं काहीतरी डोक्यात.
आईंनी वळून माझ्याकडं बघितलं, मग नर्सकडं.
"अशी काय इचारती बाई. ही काय, समोर बसली ना आई."
अन् झोपलेली ती माझ्या खांद्यावर ठेवली. जड आहे. श्वास मानेला लागतोय. एका हातानं लिहिते, अक्षर

आतून हाक आली.