दुसऱ्याच्या व्हिडिओतले आबा

आबा, मी आता पुण्यात आहे. सातवीत शाळा सोडली तेव्हा तुमी म्हणलं होतं की याच्या पायाला भिंगरी हाय, हे पोरगं एका जागी टिकायचं न्हाई. न्हाईच टिकलो. हॉटेलात राहिलो, टेम्पो चालवला, आता एका पोराची गाडी चालवतो आणि त्याचे व्हिडिओ काढतो. पोरगा आपल्याच जिल्ह्यातला, तेलगावकडच्या एका मोठ्या बागायतदाराचा. बाप राजकारणात. पोरगा रोज नवे बूट, नवं घड्याळ, नवं हॉटेल दाखवतो आणि शून्यातून वर आलो म्हणतो. फ्लॅट, गाडी, माझा पगार, सगळं बापाकडून येतं. लोकांना ते कळतंच. खाली लिहितात, बापाच्या जिवावर उड्या मारतो बे. तो हसण्यावारी नेतो, पण जेवताना त्यातलंच एखादं मला वाचून दाखवतो आणि मग ताट अर्धं ठेवून उठतो.

मध्यंतरी घाटाच्या अलीकडं मेंढरांचा कळप रस्त्यात आडवा आला. हा पांढरे बूट घालून, सेंट मारून व्हिडिओसाठी मधेच घुसला. मेंढरं बुजली. मेंढका ओरडला, "ओ सेंटवाले, लांब व्हा जरा." मी खाली उतरून तुमी घालायचे तशी शीळ घातली, तर कळप थांबला. हे कुठं शिकलास म्हणून तो मागंच लागला. माझा बाप मेंढका होता म्हणलं, आणि त्याला लिंबागणेशकडच्या माळावरचा तो उन्हाळा सांगितला. मी लंगड्या मेंढीला दगड मारला होता. तुमी तिचं कोकरू माझ्या खांद्यावर ठेवलं. "मुक्या जिवाला मारतो कावून? आता तिचं ओझं तू वागव." दिवसभर मी ते वागवलं. पाणी लागलं तेव्हा तुमी आधी मेंढीला पाजलं, मग मला, आणि सगळ्यात शेवटी तुमी प्यायलात.

त्यानं सगळं ऐकून घेतलं, मोबाईल माझ्या हातात दिला आणि बोलायला लागला. माझे आबा, म्हणतो. माझ्या आबांनी माझ्या खांद्यावर कोकरू ठेवलं. मी मोबाईल धरून उभा. तोंड त्याचं, बोलणं तुमचं. माझी कानशिलं तापली. झाल्यावर तो माझ्याकडं बघेना. म्हणाला, "तुझं हाय हे. तू न्हाई म्हण, आत्ता पुसतो." मी म्हणलं, तुझ्या बापाचं सांग की, एवढं देतो तो माणूस. तर म्हणतो, "काय सांगू? या गाडीची चावी त्यांनी ड्रायव्हरच्या हातानं पाठवली. वाढदिवस होता माझा."

आबा, आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं असलं की तुमी तिचंच दूध काढून कोकराच्या पाठीला चोळायचे. मेंढी हुंगायची, जरा पाय आपटायची आणि मग पिऊ द्यायची. त्याला तुमी कधी लबाडी म्हणलं न्हाई. मी त्याला म्हणलं, टाक.

लई चालला तो व्हिडिओ. असा बाप मिळायला नशीब लागतं, असं लोक अजून लिहितात. दुसऱ्या दिवशी त्याच्या बापाचा फोन आला. आपल्यात मेंढरं कोण राखत होतं, एवढंच विचारून ठेवून दिला. मला वाटलं, आता हा चिडणार. पण तो तसाच बसून राहिला आणि म्हणाला, "बघितला की त्यांनी."

तुमच्याकडं कधी फोन नव्हता, त्यामुळं हे कुठं पाठवायचा प्रश्नच न्हाई. एक मात्र सांगतो. कोकरू वागवलं त्या दिवशी संध्याकाळी माझ्या पायातला काटा काढताना तुमी मान खाली घालून विचारलं होतं, "लई बोललो का रे?" तेवढं मी त्याला सांगितलेलं न्हाई. तो सारखा विचारतो, आबांचं अजून काही आठवतं का. मी म्हणतो, न्हाई.