हिरवा दिवा लागल्यावर टाळ्या

१ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

आधी खाली बस. तुझी आत्या येत्या रविवारी टीव्हीवर बोलणार आहे! फोन केला नाही, कारण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं बसून मी एवढंच शिकले, की फोनवरच्या दोघांमध्ये तिसरं माणूस असतंच. ते तिसरं माणूस मीच होते. म्हणून महत्त्वाचं ते पत्रात.

माझ्या टाळ्यांच्या कामाचं तुला ठाऊक आहेच. स्टुडिओत आम्ही साठ जणांनी बाकांवर बसायचं, समोर हिरवा दिवा लागला की टाळ्या वाजवायच्या, विझला की हात मांडीवर. दिवसाचा रोज मिळतो, वर चहा-बिस्किटं. तुझा बाप म्हणतो, या वयात ही काय थेरं! मी त्याला सांगितलं, की जन्मभर फुकट वाजवल्या, आता पैसे मिळतायत तर तुझ्या पोटात का दुखतं?

तर परवा तिथल्या बाईंनी माझा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, की रविवारी मोठे साहेब येणार आहेत, कार्यक्रम थेट दाखवणार आहेत, सामान्य नागरिक म्हणून एक प्रश्न तुम्ही विचारा. मी तर हरखूनच गेले! आमच्या गल्लीतला सरकारी दवाखाना आठ महिने कुलूपबंद आहे, तेच विचारते म्हटलं. त्या हसल्या. प्रश्न आधीच ठरलेला असतो म्हणे. हातात चिठ्ठी दिली. तीत लिहिलंय: ‘साहेब, एवढा कामाचा डोंगर उपसूनही तुमच्या चेहऱ्यावर कायम हसू कसं असतं?’

हे ज्यानं लिहिलं त्याला दुसरा काही उद्योग नसावा. पण टीव्ही तो टीव्ही! निळा कोट कपाटातून काढून उन्हात टाकलाय. रविवारी सगळी कामं सोडून बघ.

पत्राची वाट बघणारी,
आत्या

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ऑफिसात उभ्या उभ्या किंचाळले. अगं, तो उद्योग नसलेला माणूस मीच! साहेबांच्या प्रसिद्धी कार्यालयात मी नेमकं काय करते, हे तू दर वेळी विचारायचीस आणि मी ‘लिखाणाचं काम’ म्हणून वेळ मारून न्यायचे. ते काम हे. सामान्य नागरिकांचे प्रश्न लिहायचे आणि साहेबांची मनमोकळी उत्तरंही लिहायची. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कालच पाठ केलं: ‘अहो, हे हसू माझं नाहीच, तुम्हीच मला दिलेलं आहे.’ साठ जणांतून त्या बाईंनी नेमकं तुलाच गाठावं!

आता एक ऐक, पाया पडते. तीन वर्षं मी हंगामी आहे. रविवार नीट पार पडला तर सोमवारी मला कायम करणार, असं सचिवांनी स्वतः कबूल केलंय. इथं चौघींच्या खोलीत माझ्या वाट्याला कपाटाचा एक कप्पा येतो. मी एकटीची खोली बघून ठेवलीय, खिडकीची. दोनदा जाऊन त्या खिडकीत नुसती उभी राहून आलेय. तेव्हा दवाखान्याचं मनातच ठेव. चिठ्ठीत आहे तसंच वाच आणि उत्तर पहिल्यांदाच ऐकतेयस असा चेहरा कर. आपलं नातं तिथं कुणाला सांगू नकोस.

कळावे. रागावली असलीस तर जरूर रागाव, पण लोभाला हात लावू नकोस.

तुझी,
भिंगरी

६ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि ‘उद्योग नसावा’ हे शब्द मागे.

खरं तर मी ओळखायला हवं होतं. शाळेतल्या निबंधातही तू दर पानावर एक डोंगर उपसायचीस.

वाचीन. तू लिहिलंस तसंच वाचीन. एक्स्चेंजमध्ये निरोप पोचवताना मी कधी कुणाचं वाक्य बदललं नाही, तुझंही बदलणार नाही. हा माझा शब्द. खिडकीला पडदे मात्र मी शिवून घेणार.

तळमजल्यावरची शिंपीणबाई काल वर आली होती. तिच्या पायाची जखम चिघळलीय, पट्टी बदलायला एक दिवसाआड दोन बस बदलून जाते. दवाखान्याचं तेवढं साहेबांच्या कानावर घाला म्हणाली. माझा प्रश्न ठरलेला आहे, असं मी सांगितलं. माझ्या निळ्या कोटाचं सैल बटण तिनं तिथंच बसून घट्ट केलं, पैसे घेतले नाहीत. आपल्या गल्लीतलं कुणीतरी तिथं दिसेल हेही पुष्कळ झालं, असं म्हणून लंगडत जिना उतरली. मला जेवण गेलं नाही. पण तू काळजी करू नकोस.

तुझी कायमची ऑर्डर बघायला उतावीळ,
आत्या

१० मार्च

आत्या! आत्या! आत्या!
नमस्कार त्यातच आला.

तुझं पत्र शनिवारी आलं. त्या बटणापाशी मी थांबले, पुढे वाचवेना. रविवारी सकाळी शेवटच्या छापील चिठ्ठ्या लिफाफ्यांत भरायचं काम माझ्याकडेच होतं. तुझ्या लिफाफ्यात मी माझ्या हातानं लिहिलेली दुसरीच चिठ्ठी घातली. तुला आधी सांगितलं असतं तर माझ्या नोकरीपायी तू मला झापून गप्प केलं असतंस.

साहेबांच्या ताफ्याबरोबर मीही स्टुडिओत आले होते, नातं कळू नये म्हणून पडद्याआड उभी होते. तू चिठ्ठी उघडलीस, चष्मा कपाळावर सरकवलास. जुना प्रश्न तुला पाठ होता, आता तोच म्हणणार असं वाटलं आणि मला हुश्श झालं, खोटं कशाला बोलू. मग तू चष्मा परत डोळ्यांवर घेतलास आणि एक्स्चेंजच्या त्या खणखणीत आवाजात विचारलंस, की दवाखाना आठ महिने बंद आहे, जखमेची पट्टी बदलायला बाईला दोन बस बदलाव्या लागतात, कुलूप कधी निघणार? दिवा लागला नव्हता आत्या, तरी तुमच्या बाकांवरून टाळ्यांचा कडकडाट!

आणि साहेब! साहेब प्रसन्न हसले आणि म्हणाले, की अहो, हे हसू माझं नाहीच, तुम्हीच मला दिलेलं आहे. अख्खं उत्तर म्हटलं, थेट प्रक्षेपणात, एक शब्द न गाळता! मग हिरवा दिवा लागला. लागलेलाच राहिला. साठ जणांचे हात मांडीवर.

चिठ्ठी कुणी बदलली हे सचिवांनी विचारायच्या आत मी हात वर केला. ती माझी आत्या आहे, हेही सांगून टाकलं, जरा मोठ्यानंच. दुपारपर्यंत नोकरी गेली, खिडकीही गेली. आम्ही चौघींनी तो तुकडा दहा वेळा बघितला आणि हसून हसून पोट दुखलं. मग थोडं रडलेही. पुढे काय करायचं कळत नाही, पण इतकं हलकं मला तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

कळावे. आता लोभाचाच काय तो आधार.

तुझी बेकार,
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

चष्मा वर केला तो जुना प्रश्न म्हणायलाच. तुझी खिडकी डोळ्यांपुढे होती. पण चिठ्ठी तुझ्या हातची, आणि तुझं वाक्य बदलणार नाही असा मी शब्द दिलेला. मग काय करणार?

बुधवारी दोन माणसं किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली. एकही लागेना, शेवटी कुलूप तोडलं. नर्स सकाळी बसायला लागलीय. डॉक्टर सोमवारी येणार म्हणतात. येईल तेव्हा खरं. रांगेत पहिली शिंपीणबाई. टीव्हीवालेही आले आणि दारासमोर टाळ्या वाजवा म्हणाले, तर तिनं विचारलं, की दिवा कुठाय?

आमचा साठही जणांचा त्या दिवसाचा रोज कापला. कागदावर कारण लिहिलंय: दिवा नसताना टाळ्या, दिवा असताना शांतता. तो कागद मी काच बसवून भिंतीवर लावलाय. मला पुन्हा न येण्याबद्दलही कळवलंय.

तेव्हा आता आपण दोघी बेकार. माझ्या घराला तीन खिडक्या आहेत. पूर्वेकडची तुझी, पडदे शिवायला टाकलेत. पहिल्या गाडीनं निघून ये. आणि प्रश्न लिहायची सवय मोडू नकोस. आमच्या गल्लीत खूप पडून आहेत, वाचायला मी आहे.

दार उघडं ठेवून,
आत्या