सुंभाच्या केसांची म्हातारी

आई, आज मी तुझी चिंध्यांची म्हातारी पुन्हा करायला घेतली. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि तिला जाऊन पन्नासच्या वर, पण हात काही विसरले नाहीत बघ. नातीच्या शाळेतून फोनवर निरोप आला होता, घरातल्या टाकाऊ वस्तूंतून बडबडगीतातलं एखादं पात्र करून पाठवा म्हणून. सूनबाई म्हणाली, "आई, तयार मिळतं बाजारात, मागवून टाकू." मी म्हटलं, तयारच आणायचं तर शाळेनं घरातलं काहून सांगितलं असतं? ती हसली आणि जुन्या कपड्यांचं गाठोडं माझ्यापुढं टाकून ऑफिसला गेली. मग आम्ही आजी-नात नंदनवनच्या या घरात सकाळपासून फरशीभर पसारा मांडून बसलो. आता ती झोपली आहे, आणि मला तुझ्याशी त्या म्हातारीबद्दल बोलायचं आहे, म्हणून हे लिहायला बसले. तेव्हा बोलायला हवं होतं, ते राहूनच गेलं.

सक्करदऱ्याच्या घरात पुढच्या खोलीत तुझी बालवाडी भरायची. वीस-बावीस पोट्टी, एक सतरंजी, एक फळा. खेळणी विकत आणायची म्हटलं तर ऐपत नव्हती, आणि तुला हौसही नव्हती. काड्यापेटीची गाडी, संत्र्याच्या सालीचं कासव, बाबांच्या फाटक्या मोज्याचा ससा. मी काही टाकायला निघाले की तू ओरडायचीस, "थांब वं! त्याच्यात कोन लपलं हाय ते पाह्यलं काय आधी?" मला फार राग यायचा. आमच्या घरात साधा कचरासुद्धा विचारून टाकावा लागायचा.

त्या सगळ्यांत म्हातारी तुझी लाडकी. बाजाराला निघणाऱ्या विसरभोळ्या म्हातारीचं बडबडगीत तूच रचलं होतंस. ती छत्री विसरते, पिशवी विसरते, शेवटी बाजारच विसरते आणि घरी येऊन झोपते. तिचं अंग आजीच्या लुगड्याचं, पोटात चिंध्या, डोळे सीताफळाच्या बियांचे, तोंडात मक्याचा एकच दाणा, आणि डोक्यावर सुंभाचे लांब पांढुरके केस. पोरं ओढतात म्हणून ती भिंतीवर उंच खिळ्याला टांगलेली असायची. रोज सकाळी तू स्वयंपाकघरातलं स्टूल आणून तिला खाली काढायचीस, मांडीवर घ्यायचीस आणि पोरांना हसवत हसवत तिचे केस विंचरायचीस. मी तेव्हा नऊ वर्षांची. माझी वेणी शेजारच्या काकू घालायच्या, कारण तुला सकाळी वेळ नसायचा. काकूंचा हात जड होता, डोळ्यांत पाणी यायचं. मी दारात दप्तर घेऊन उभी राहायची आणि त्या चिंध्यांच्या बाईचे केस तू किती हळू विंचरतेस ते पाहायची. जीव नुसता जळायचा.

मग त्या वर्षीची मारबत आली. मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गल्लीतली पोट्टी आपला बडग्याचा पुतळा करायची. ज्याच्या घरात जे फाटकं-तुटकं असेल ते त्या पुतळ्यावर चढवायचं, गल्लीभर मिरवायचं आणि मैदानात नेऊन जाळायचं, म्हणजे घरातली इडापिडा त्याच्यासंगं जाते. तू समोरच्या घरी होतीस, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांना झुली शिवून देत होतीस. पोरं दारात आली, "बडग्यासाठी काही देता काय वं?" मी आत गेले, स्टूल ओढलं, चढले, म्हातारीला खिळ्यावरून काढलं आणि देऊन टाकलं. "एक नंबर!" म्हणून ओरडली सगळी, आणि तिला बडग्याच्या खांद्यावर बसवून निघाली. मीही मागं गेले. घेऊन जा गे मारबत, म्हणून सगळ्यांसोबत ओरडले. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

सुंभ फार लवकर पेटतं गं. तिचे केस एका क्षणात गेले. मग मात्र घरी यायची हिंमत होईना. आले तेव्हा दिवे लागले होते. बायका दारात जमल्या होत्या, "बाई, कोनं देली पोट्ट्यांले?" आणि तू म्हणत होतीस, "कोनी नाही वं. मीच बाहेर ऊन दाखवायले ठेवली होती. त्यायले वाटलं टाकाऊ हाय. माझीच चूक." मला वाटलं, वाचले. तू विसरलीस कुठं ठेवली ते, तुझ्या गाण्यातल्या म्हातारीसारखी. पुन्हा तू दुसरी म्हातारी केली नाहीस. गाणं म्हणायचीस, रिकाम्या हातांनी.

आज आमची म्हातारी अर्धी झाली, तशी नात म्हणाली, "हिला वर टांग, नाहीतर मांजर नेईल." मी स्टुलावर चढले, गुडघे कुरकुरले, टांगली एकदाची. खाली उतरले तर पोरगी म्हणते, "आजी, स्टूल तिथंच नको सोडू. आई लगेच ओळखते कोण चढलं होतं ते."

मी तिथंच बसले गं. त्या दिवशी मी स्टूल जागेवर ठेवलंच नव्हतं. खिळ्याखाली तसंच सोडून पोरांमागं पळाले होते. आणि परत आले तेव्हा ते स्वयंपाकघरात होतं, त्यावर पाण्याची कळशी ठेवलेली. बाबा अजून आले नव्हते, घरात दुसरं कोणी नव्हतं. बायका यायच्या आधी तूच ते उचलून आत नेलंस.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरं यायच्या आधी, तू हाक मारलीस, "इकडे ये वं, बस." तेल लावलंस, हळूहळू गुंता सोडवलास, दोन वेण्या घातल्यास. त्यानंतर काकूंकडे मला कधी जावं लागलं नाही. मी इतकी वर्षं समजत होते, की म्हातारी नाही म्हणून तुझे हात रिकामे झाले.

नात उठायच्या आत म्हातारीला खाली काढते. हिचं पोट अजून पोकळ आहे, चिंध्या संपल्या. हेच लिहिलेले कागद चुरगळून भरीन आणि टाके घालीन. मगाशी पोरीनं विचारलं होतं, "तुझ्या आईची म्हातारी कुठे आहे?" मी म्हटलं, "जळली, गल्लीतल्या पोट्ट्यांनी जाळली." आजही तेच म्हटलं बघ. मी दिली होती आई, माझ्या हातानं दिली होती. आणि त्या सकाळी तू वेणी घालत होतीस ना, तेव्हा मला तिची आठवणसुद्धा आली नाही. फार बरं वाटत होतं.