शहागंजमधली पाटी

मंगळवार, संध्याकाळ

आज लई थकले. आजोबांना अल्झायमर झालाय. त्यांचा मेंदू ॲक्टिव्ह राहावा म्हणून महिनाभर भिंतीवर रंगीत शब्दकार्डं लावतेय. आई म्हणते, "आबांना बालवाडीत घातलं का गं?" आबा कार्डांकडं बघतही नाहीत. माझं चुकतंय कुठं?

आज त्यांना शहागंजच्या बाजारात नेलं. एका उर्दू पाटीसमोर थांबून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "ताज़ा दूध!" निजामाच्या काळात पहिली अक्षरं उर्दूतच शिकलेले ते, आणि माझी सगळी कार्डं मराठीत!

"पुढं काय लिहिलंय, आबा?"

"तुला वाचता येत नाय? शाळेत जात जा, पोरी."

माझं नाव आजही आठवलं नाही. पण रिक्षात घरापर्यंत माझ्या तळहातावर माझ्याच बोटानं उर्दूतलं पहिलं अक्षर, अलिफ, गिरवून घेत होते.