एक गट वर

अण्णा, येत्या रविवारी धाकटा एक गट वर चढून लढणार आहे. बॉक्सिंगमधला बँटम हा हलका वजनगट सोडून त्याच्या वरच्या फेदरमध्ये. तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेतही जात नव्हता, आणि आता त्याला दारातून आत येताना मान वाकवावी लागते. आई म्हणते, उंची मामांवर गेली. ठोसा मात्र तुमचाच, असं तुमचे जुने जोडीदार सांगतात. तेच आता त्याचे मास्तर आहेत.

तुम्ही वरच्या गटात लढलात तो दिवस मला आठवतो. फॅक्टरीच्या संघातल्या फेदरवाल्याचं मनगट दुखावलं आणि साहेबांनी तुम्हाला गळ घातली. मग काय, घरात तुम्हाला फुगवायची मोहीमच सुरू झाली. आई केळी सोलतेय, शेजारच्या कानडी मावशी ‘स्वल्प, स्वल्प’, थोडंसंच, म्हणत ताटात अख्खा रागीचा गोळा ठेवतायत, आणि तुम्ही हसून विचारताय, “फॅक्टरीला बॉक्सर हवाय की पोळ्याचा बैल?” काट्यावर वजन बरोबर भरलं. पहिल्या फेरीत तुमचे पाय नेहमीसारखे नाचले. मग समोरच्या उंच माणसाने फार काही केलं नाही, नुसता तुमच्या मानेवर भार टाकून रेलत राहिला. तुमचे ठोसे त्याच्यापर्यंत पोचेनात, त्याचे मात्र पोचत होते. त्या संध्याकाळी चुलीपाशी मी मिठाची गरम पुरचुंडी तुमच्या बरगडीवर धरली होती. तुम्ही म्हणालात, “बाळ, केळी खाऊन वजन वाढतं, हात लांब होत नाहीत. माणसाने आपला गट सोडू नये.” तुम्ही परत बँटममध्ये गेलात, आणि तापाने नेलं तोवर त्या गटात तुमच्या तोडीचं कुणी नव्हतं.

ते वाक्य मी जपलं. धाकट्याने हातमोजे घातले त्या दिवशी ते त्याच्या हाती दिलं, आणि नंतरही इतक्यांदा ऐकवलं की ते घरचा कायदा होऊन बसलं. बी. ए. झाल्यापासून या घरात माझा शब्द शेवटचा असतो. डॉक्टर कोणता गाठायचा हेही आई मलाच विचारते.

मागच्या वर्षापासून धाकटा उपास करू लागला. सोमवार, गुरुवार, वर एकादशी. आईचा आनंद गल्लीत मावेना. वाण्यालाही तिने सांगितलं, तो मान डोलावत ‘सरी, सरी’ म्हणत साबुदाणा मापून देऊ लागला. उपासाच्या दिवशी ती सढळ तूप घालून खिचडी करायची, रताळ्याचा कीस, दाण्याचे लाडू. एकादशी दुप्पट खाशी, म्हणून मी त्याला चिडवायचे. देवाचं नाव पुढे केलेलं, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. मुकाट्याने खायचा आणि भर दुपारी स्वेटरवर स्वेटर चढवून उलसूरच्या तळ्याभोवती धावायचा. मला वाटे, केवढा हा सराव!

मग परवा मास्तर आले. उंबऱ्यापाशीच बसले, कॉफीला नको म्हणाले. “अक्का, तो देवासाठी उपाशी नाही, काट्यासाठी उपाशी आहे. वजन द्यायच्या आदल्या दिवशी पाणीसुद्धा पीत नाही. असं सुकलेलं पोर डोक्यावर ठोसा खाऊन पडलं, तर उठेल याची खात्री मी देणार नाही.” मी तुमचं वाक्य सांगितलं, बरगडीचं सांगितलं. ते म्हणाले, “मी होतो की तिथे. वरचे जोरात मारतात, हे खरंच आहे. पण तुझ्या बापाला आपण फुगवला होता, हा वाढलाय. जाऊ दे वर. मार खाईल, पण जेवून खाईल.”

मला पटलं. पटेना ते धाकट्याला. रात्री हाताच्या पट्ट्या गुंडाळत बसला होता, मनगटाची हाडं वर आलेली. मी सगळं समजावलं. तो म्हणाला, “हे तुझ्या कॉलेजात शिकवलं असेल, अक्का. अण्णांनी आपला गट सोडू नये म्हटलंय.” त्याला तुमचा चेहरा आठवत नाही, अण्णा. तुमचं म्हणून त्याच्यापाशी ते एक वाक्यच आहे, आणि ते दिलं मी. त्याच्यापुढे माझी पदवी कुठे पुरणार?

तेव्हा मी म्हटलं, “त्या दिवशी अण्णा पुढेही बोलले होते. म्हणाले, पण अंगच वाढलं तर गटही वाढू द्यावा.”

त्याचे हात थांबले. “असं म्हणाले?”

“हो.”

त्याने पट्ट्या बाजूला ठेवल्या. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि आईकडे भात मागितला. आई म्हणाली, “अरे, आज गुरुवार ना?” तो म्हणाला, “वाढ तू.” ताक-भात, मग पुन्हा भात. मी दारात उभी राहून बघत होते.

रविवारची भीती मला आहेच. त्या उंच माणसाचं रेलणं अजून डोळ्यांपुढून जात नाही. शाळेत मुलांना मी खरं बोलायला शिकवते, आणि तुमच्या नावावर ते वाक्य घालताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. त्या संध्याकाळी तुम्ही पुढे काहीच म्हणाला नव्हतात, अण्णा. पाणी मागितलंत, आणि माझ्या खांद्याला टेकून झोपी गेलात.